खापर कांद्यावर

शुक्रवार, २३ सप्टेंबर १९५५, पहाटे ५. साडेवीस तास उरले.

कोलोरॅडोच्या डोंगरांत, फ्रेझर गावाजवळच्या एका मित्राच्या रँचवर ड्वाइट आयसेनहॉवर पहाटेच उठले. सुट्टीचे मागचे काही दिवस तिथे ट्राउट मासे पकडण्यात गेले होते, आज डेन्व्हरला परतायचं होतं. निघण्याआधी त्यांनी बरोबरच्या मंडळींसाठी स्वतः न्याहारी रांधली. स्वयंपाकाची त्यांना मनापासून हौस होती. अमेरिकेचे अध्यक्ष, वय ६४, पुढच्याच महिन्यात ६५ पूर्ण होणार. त्या सकाळी ते अगदी प्रसन्न होते, असं त्यांच्या सचिव ॲन व्हिटमन यांनी नोंदवून ठेवलं आहे.

फ्रेझर समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. त्याच्या माथ्यावरून आणखी जवळपास एक किलोमीटर वर चढलं तर फ्रेझरची हवा लागेल. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानाने सुमारे पाव हिस्सा ऑक्सिजन कमी. शरीराला हे कळतं, आणि लवकर कळतं. काही तासांतच मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडू लागतात आणि हाडांतल्या मगजाला निरोप जातो की तांबड्या पेशी वाढवा. मूत्रपिंडाला हवा विरळ झाल्याचं कसं समजतं, हे १९५५ साली जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

उंचीला दोष देण्याचा मोह होतो. मी तो टाळते, कारण या माणसाचा प्राणवायू जिथे खरोखर संपत आला होता ती जागा डोंगरात नव्हती. ती त्यांच्या छातीत होती. हृदयाच्या पुढच्या अंगाला रक्त पोचवणाऱ्या धमनीच्या भिंतीत तो वर्षानुवर्षं कमी पडत होता.

सकाळी ११. साडेचौदा तास उरले.

डेन्व्हरला लॉवरी हवाई तळावरच्या कार्यालयात दोनेक तास कागदपत्रं उरकून ते चेरी हिल्स क्लबच्या गोल्फ मैदानावर पोचले. १८ होल्सचा खेळ. मध्येच परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांच्या फोनसाठी खेळ थांबवायचा, क्लबहाउसकडे जायचं, बोलणं नीट होत नाही म्हणून परत यायचं, पुन्हा बोलावणं. त्यांचा राग त्यांच्या जवळच्या सगळ्यांना माहीत होता. त्या दिवशी तो वर आला.

रागात आणि श्रमात हृदयाचं काम वाढतं, आणि इथे हृदयाची एक जन्मजात अडचण आहे. हातापायांचे स्नायू विश्रांतीत आपल्याकडे आलेल्या रक्तातला थोडाच प्राणवायू घेतात आणि बाकीचा तसाच पुढे जाऊ देतात. गरज पडली की त्या शिलकीतून काढतात. हृदयाच्या स्नायूकडे शिल्लक नाही. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही तो वाट्याला आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. हातावर पोट असलेल्या घरासारखं त्याचं असतं, आलेलं त्याच दिवशी संपतं. जास्त प्राणवायू हवा असेल तर रक्तच जास्त यायला हवं, दुसरा मार्ग नाही. धमनी रुंदावायला हवी. जिची भिंत आतून जाड आणि कडक झाली आहे, ती किती रुंदावणार?

दुपारचं जेवण. सुमारे बारा तास उरले.

हॅम्बर्गर आणि त्यात कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या. जेवणानंतर पुन्हा नऊ होल्स, पुन्हा फोन. मग पोटात अस्वस्थ वाटू लागलं. कांदा बाधला, असं ते म्हणाले.

पुढचे जवळपास चोवीस तास सगळं खापर त्या कांद्यावर फुटत राहिलं.

यात बेफिकिरी होती असं मला वाटत नाही. हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू आणि अन्ननलिका-जठराकडून येणारे तंतू पाठीच्या कण्यात शेजारीशेजारीच शिरतात. मेंदूला जागा नीट ओळखता येत नाही. म्हणून हृदय गुदमरलं की माणसाला जळजळ होते, मळमळतं, ढेकर द्यावासा वाटतो, आणि घरात ‘पित्त झालंय’, ‘गॅस धरलाय’, ‘काल रात्रीचं बाधलं’ असं म्हटलं जातं. डेन्व्हरमध्ये कांदा होता, आपल्याकडे वांग्याची भाजी असते.

रात्री १०. साडेतीन तास उरले.

मेमी आयसेनहॉवर यांचं माहेर डेन्व्हरच्या लाफायेट स्ट्रीटवर. सुट्टीत अध्यक्ष सासूबाईंच्या त्या घरी राहत. दहाच्या सुमारास ते झोपायला गेले.

इथे थोडं थांबून आत उतरते. पुढे दीड वाजता जे झालं ते दीड वाजता सुरू झालं नव्हतं. ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच, असं आता माझं मत झालं आहे.

आपल्या डोक्यात धमनीचं चित्र नळाचं असतं. नळात गाळ साठतो, नळ तुंबतो. पण धमनीची भिंत जिवंत आहे आणि तिलाही श्वास लागतो. आतल्या थराला तो शेजारून वाहणाऱ्या रक्तातून झिरपून मिळतो, बाहेरच्या थराला भिंतीच्या बाहेरच्या अंगावरून शिरलेल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांतून. झिरपण्याला मर्यादा आहे. ऑक्सिजन जिवंत पेशींमधून फार तर एक ते दोन दशांश मिलिमीटर पुढे जातो. निरोगी भिंतीला तेवढं पुरतं.

मग वर्षं जातात. रक्तातलं कोलेस्टेरॉल भिंतीत मुरतं. त्याला आवरायला पांढऱ्या पेशी आत शिरतात, चरबी गिळून फुगतात आणि तिथेच राहतात. भिंत जाड होते. या पेशी खादाड असतात, ऑक्सिजनही भराभर संपवतात. आयसेनहॉवर दिवसाला चार-चार पाकिटं सिगारेट ओढत. १९४९ मध्ये त्यांनी एका दमात सोडली, पण तोवर अनेक दशकांचा धूर रक्तातून गेला होता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तांबड्या पेशींवरची ऑक्सिजनची जागा बळकावतो. चरबीच्या या गाठीच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचेनासा होतो. रक्त अर्ध्या मिलिमीटरवरून वाहत असतं आणि भिंत गुदमरत असते. आपल्या शहापूर तालुक्यात हे वेगळ्या रूपात दिसतं. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं तिथे, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांच्या रांगा.

गुदमरलेली पेशी गप्प बसत नाही. तिच्यात एक प्रथिन आहे, शास्त्रज्ञ त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘हिफ’ म्हणतात. पेशी ते अखंड बनवत असते आणि अखंड मोडत असते. भरपूर ऑक्सिजन असेल तर हिफ पाच मिनिटंही टिकत नाही, कारण त्याच्यावर मोडण्याची खूण उमटवणाऱ्या विकरांना त्या कामासाठी ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन घटला की खूण उमटत नाही, हिफ साठतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं जागी करतं. ग्रेग सेमेन्झा आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या वांग यांनी ते १९९२ मध्ये शोधलं, आणि शोधलं ते मूत्रपिंडाच्या त्या एरिथ्रोपोएटिनचा माग काढत. फ्रेझरच्या विरळ हवेचं उत्तर हेच होतं. खूण कशी उमटते हे २००१ मध्ये उलगडलं, आणि २०१९ चं नोबेल सेमेन्झा, विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांना मिळालं.

मूत्रपिंडात हिफ जीव वाचवतं. धमनीच्या भिंतीत तेच हिफ तोच आदेश देतं: रक्त आणा, नव्या वाहिन्या फुटू द्या. बाहेरच्या अंगाने कोवळ्या वाहिन्या गाठीत शिरतात. घाईत बांधलेल्या, आधार नसलेल्या, गळक्या. त्यांच्यातून तांबड्या पेशी गाठीत सांडतात आणि मरतात. तांबड्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं असतं, म्हणजे प्रत्येक गळतीबरोबर गाठीत आणखी चरबी, आणखी लोह, आणखी दाह. गाठ वाढली की गाभा रक्तापासून आणखी लांब जातो. आणखी गुदमरणं, आणखी हिफ, आणखी गळक्या वाहिन्या. फ्रँक कोलोजी, रेणू विरमाणी आणि सहकाऱ्यांनी मृतांच्या हृदयधमन्या तपासून २००३ मध्ये दाखवलं की गाठीत झालेला रक्तस्राव आणि गाठीचा वाढता मृत गाभा हे एकमेकांचा हात धरून चालतात. पॅटरसन नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने गाठीतल्या कोवळ्या वाहिन्यांच्या रक्तस्रावाकडे १९३० च्या दशकातच बोट दाखवलं होतं. म्हणजे आयसेनहॉवर दहा वाजता अंथरुणावर पडले तेव्हा हा धागा ग्रंथालयात होता, फक्त कुणी तो ओढत नव्हतं.

या सगळ्याच्या आणि वाहत्या रक्ताच्या मध्ये उरते एक साय. जी गाठ फुटण्याच्या बेतात असते तिच्यावरची ही तंतुमय साय ६५ मायक्रोमीटरहून पातळ असते. डोक्याचा एक केस साधारण तेवढाच जाड.

शनिवार, २४ सप्टेंबर, मध्यरात्रीनंतर सुमारे दीड. शून्य.

आयसेनहॉवर यांनी पुढे आत्मकथनात हीच वेळ अंदाजाने दिली आहे. छातीत तीव्र दुखून ते जागे झाले. दुपारच्या अपचनाची आठवण झाली. मेमींना चाहूल लागली, काय हवंय विचारलं, तर ते मिल्क ऑफ मॅग्नेशियाची बाटली शोधत होते.

अशा वेळी आत जे घडतं ते एव्हाना शेकडो हृदयांत पाहिलं गेलं आहे. साय फाटते. गाभ्यातला चिकट मगज रक्ताला भेटतो. रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते जे जखमेवर करतं तेच इथे करतं: गुठळी बांधतं. तीन-चार मिलिमीटरची धमनी बंद होते.

शून्यानंतर १० सेकंद. बंद धमनीच्या पलीकडचा स्नायू आकुंचन पावणं थांबवतो. तो मेलेला नसतो. आहे तेवढी शक्ती जगण्यापुरती राखून ठेवतो आणि बिनऑक्सिजनच्या साखरेवर तग धरतो. आंबटपणा वाढतो.

२० मिनिटं. इथवर रक्त परतलं तर बहुतेक सगळं परत मिळतं.

४० मिनिटं. घड्याळात दोन वाजून दहा. रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयधमन्या बांधून आणि सोडून १९७७ मध्ये जे दाखवलं, त्यावर आजची सगळी धावपळ उभी आहे. स्नायू एकदम मरत नाही. मरण आतल्या थरापासून सुरू होतं आणि लाटेसारखं बाहेर सरकतं. ४० मिनिटांत आतला पट्टा जातो, तीन तासांत मधला बराचसा, सहा तासांनी वाचवण्यासारखं फार थोडं उरतं. ही वेळ कुत्र्याच्या हृदयाची आहे. माणसात ती कमीजास्त होते, शेजारच्या वाहिन्यांनी थोडं रक्त पुरवलं तर लांबते. पण लाटेची दिशा तीच.

त्याच दोघांनी चार्ल्स मरी यांच्याबरोबर १९८६ मध्ये आणखी एक गोष्ट पाहिली, आणि मला ती या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. धमनी ४० मिनिटं बांधण्याआधी ती पाच पाच मिनिटं चार वेळा बांधून सोडली, तर मरणारा स्नायू पाव हिश्श्यावर आला. म्हणजे थोडं गुदमरणं हृदयाला मोठ्या गुदमरण्यासाठी तयार करतं. पुढे उंदरांत दिसलं की हिफच्या जनुकाची एक प्रत काढून टाकली की हे संरक्षण जातं. भिंतीत वर्षानुवर्षं घात करणारं तेच प्रथिन स्नायूत काही मिनिटांपुरतं रखवालदार असतं. फरक किती वेळ आणि कुठे एवढाच.

दोन वाजून ५४ मिनिटं. मेमींनी अध्यक्षांचे डॉक्टर हॉवर्ड स्नायडर यांना फोन केला. ८४ मिनिटं गेली होती.

तीन वाजून ११ मिनिटं. स्नायडर पोचले. त्यांच्या स्वतःच्या टिपणांनुसार त्यांनी अमिल नायट्राइट हुंगायला दिलं, पॅपावेरिन, हेपॅरिन आणि मॉर्फिन दिलं. रक्तदाब खाली आला, अंग घामाने थंड पडलं, तेव्हा मेमींना त्यांच्या शेजारी झोपून ऊब द्यायला सांगितलं. ईसीजी काढला नाही. रुग्णालयात हलवलं नाही. कुणाला बोलावलं नाही. रुग्णाला झोपू दिलं. घरात घबराट नको म्हणून, असं कारण त्यांनी पुढे दिलं. इतिहासकार क्लॅरेन्स लॅस्बी यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात सगळे कागद तपासून वेगळी शंका मांडली आहे: रात्रभर स्नायडरही अपचनच समजत होते, आणि टिपणं नंतर सावरली गेली.

मला हे वाचताना स्नायडर यांच्यापेक्षा आमचंच घर दिसतं. २०२२ चा मे महिना. पहाटे पावणेपाचला बाबांच्या छातीच्या खालच्या बाजूला दुखू लागलं. आईने ओवा-मीठ दिलं. कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात होतं, ते मीच काढून त्यांच्या बोटाला लावलं. ९७. आम्ही सगळे सैलावलो. ऑक्सिजन व्यवस्थित आहे म्हटल्यावर कसली काळजी? आदल्याच वर्षी आपण सगळ्यांनी त्या आकड्यावर माणसं जाताना आणि परत येताना पाहिली होती. सात वाजता जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे पित्ताचं इंजेक्शन मिळालं. ईसीजीचा कागद निघाला अकराला. कॅथलॅब ८० किलोमीटरवर होती. धमनी उघडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

बोटावरचा तो आकडा खोटा नव्हता. तांबड्या पेशींनी फुप्फुसात प्राणवायू नीट भरून घेतला होता, इतकंच तो सांगत होता. भरलेल्या गाड्या एका बंद रस्त्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, हे बोटाला कसं कळणार?

सकाळी साडेसात. सहा तास. लाट स्नायूच्या बाहेरच्या काठापर्यंत पोचली असणार. अध्यक्ष झोपलेले. त्याच सकाळी वार्ताहरांना सांगण्यात आलं की अध्यक्षांना पचनाचा त्रास झाला आहे.

दुपारी सुमारे एक. साडेअकरा तास. लष्करी रुग्णालयातले हृदयतज्ज्ञ कर्नल बायरन पोलॉक ईसीजीचं यंत्र घेऊन घरी आले. कागदावर हृदयाच्या पुढच्या आणि बाजूच्या भिंतीचा मोठा घाव उमटला. अध्यक्ष माणसांच्या आधाराने जिना उतरले, आपल्या गाडीत बसले आणि फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयात पोचले. अडीचच्या सुमारास जगाला सांगण्यात आलं: सौम्य कॉरोनरी थ्रॉम्बोसिस. तो सौम्य नव्हता.

त्यांना ऑक्सिजनच्या तंबूत ठेवलं. तेव्हाचा तर्क सरळ होता. हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही ना, मग ऑक्सिजन द्या. १९०० मध्येच चार्ल्स स्टील या डॉक्टरने छातीच्या कळेवर ऑक्सिजन दिल्याचं ब्रिटिश वैद्यकीय मासिकात लिहिलं होतं. पुढे शंभर वर्षं तो प्रत्येक हृदयविकाराच्या रुग्णाच्या नाकाशी लागत राहिला, आणि त्याने नक्की काय होतं हे पुरेसं कुणी तपासलं नाही. मेलबर्नमधल्या २०१५ च्या चाचणीत उलटंच दिसलं: रक्तातला ऑक्सिजन आधीच नीट असलेल्यांना वरून ऑक्सिजन दिला तर घाव मोठाच निघाला. ऑक्सिजन जास्त झाला की हृदयधमन्या आकसतात आणि अर्धमेल्या पेशींत विषारी संयुगं वाढतात. मग स्वीडनने ६,६२९ रुग्णांवर हाच प्रश्न तपासला. २०१७ मध्ये उत्तर आलं: वर्षभरातले मृत्यू ऑक्सिजन दिलेल्यांत ५.० टक्के, न दिलेल्यांत ५.१. काही फरक नाही. आता नियम असा की रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल तरच द्यायचा. हृदयाला त्या वेळी हवा असतो तो मोकळा रस्ता.

सोमवार, २६ सप्टेंबर. न्यूयॉर्कचा शेअर बाजार एका दिवसात साडेसहा टक्क्यांहून जास्त कोसळला, सुमारे १४ अब्ज डॉलर गेले. बोस्टनहून आलेले हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट पत्रकारांसमोर बसले आणि हृदयधमनीचा आजार म्हणजे काय हे त्यांनी साध्या भाषेत समजावून सांगितलं. अमेरिकेतल्या घराघरांत या आजाराचं नाव बहुधा त्या दिवशी शिरलं.

त्या घटनाक्रमातले गेलेले तास मोजताना एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. तीन वाजून ११ मिनिटांनी ईसीजी निघाला असता, तरी धमनी उघडायला कुणाच्याही हातात काही नव्हतं. अंथरूण, मॉर्फिन, गुठळी वाढू नये म्हणून औषध, आणि वाट बघणं. गुठळीच धमनी बंद करते, हेही तेव्हा सर्वमान्य नव्हतं. ते मार्कस डिवूड यांनी १९८० मध्ये पहिल्या तासांतच रुग्णांच्या धमन्यांत रंगद्रव्य सोडून डोळ्यांना दाखवलं. आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी झुरिकमध्ये फुग्याने हृदयधमनी पहिल्यांदा रुंदावली ती सप्टेंबर १९७७ मध्ये. इटलीतल्या ११,००० हून जास्त रुग्णांवरच्या चाचणीने १९८६ मध्ये सिद्ध केलं की गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज जीव वाचवतं, आणि जितकं लवकर तितकं जास्त वाचवतं. दोन वर्षांनी दुसऱ्या मोठ्या चाचणीत कळलं की साधी ॲस्पिरिनही वाचवते.

डेन्व्हरमध्ये कळून उपयोग नव्हता. आमच्या तालुक्यात उपयोग होता, आणि कळलं नाही. माझा राग या फरकाचा आहे. पावणेपाच ते अकरा या सव्वासहा तासांत एक दहा मिनिटांचा, काही शे रुपयांचा कागद निघाला नाही. तो निघाला असता तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ८० किलोमीटर जाण्याआधीच देता आलं असतं.

आणि हिफ? ते वापरून धमनीचा आजार बरा करण्याची कल्पना फार मोहक होती. रक्त पोचत नाही तिथे हिफचं जनुक टोचायचं, नव्या वाहिन्या फुटतील. पायांच्या धमन्या बंद झाल्यामुळे चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्या २८९ रुग्णांवर ते करून पाहिलं गेलं. २०११ मध्ये निकाल आला: चालण्याचं अंतर औषधाविनाच्या गटापेक्षा वाढलं नाही. वाहिन्या फुटवण्याचा आदेश देणं सोपं आहे, त्या भक्कम बांधणं अवघड. हिफला मोडू न देणारी औषधं आज मूत्रपिंडविकारातल्या रक्तक्षयावर वापरली जातात. भारतात तयार झालेलं डेसिडुस्टॅट २०२२ पासून आपल्याकडे मिळतं. त्याच जातीच्या डॅप्रोडुस्टॅटला अमेरिकेने २०२३ मध्ये परवानगी दिली ती रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या ठळक इशाऱ्यासह. हिफ रोखण्याचं औषध कर्करोगात आलं आहे, पण धमनीच्या आजारासाठी ते देण्याची वेळ आलेली नाही. रोखलं तर मूत्रपिंड, स्नायू, हृदय सगळ्यांचाच आवाज बंद होतो. माझा विश्वास सध्या जुन्या, कंटाळवाण्या गोष्टींवर आहे. कोलेस्टेरॉल खाली ठेवलं की गाठीत शिरणारी चरबी आणि पेशी घटतात, आणि त्या घटल्या की भिंतीचं गुदमरणं कमी होतं. स्टॅटिनची रोजची गोळी हिफचं नावही न घेता त्या आवर्ताच्या मुळाशी जाते. सिगारेट सोडणंही तेच करतं.

आयसेनहॉवर ११ नोव्हेंबर १९५५ ला रुग्णालयातून बाहेर पडले, पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले, आणि आणखी अनेक झटके सोसून २८ मार्च १९६९ ला गेले. शवविच्छेदनात डाव्या कप्प्याची भिंत एका जागी पातळ होऊन फुगलेली दिसली. त्या शनिवारचा तो व्रण होता.

बाबांच्या हृदयाचा पुढचा भाग आता नीट हलत नाही. जिना चढताना ते आठव्या पायरीला थांबतात. गेल्या महिन्यात रात्री सव्वाबाराला त्यांना पुन्हा जळजळ झाली. त्यांनी ओवा शोधला नाही, मला उठवलं. ऑक्सिमीटरकडे मी पाहिलंही नाही. बारा चाळीसला ईसीजीचा कागद हातात होता, एकला डॉक्टरांनी जुन्या कागदाशी लावून पाहिला, रक्ताची तपासणी केली, तीन तासांनी पुन्हा केली. नवं काही नव्हतं. उजाडता उजाडता आम्ही घरी आलो आणि आईने चहा टाकला.